बाटली बदला!

होस्टेलच्या अंकात 'बाटली' या विषयावर लेख आला म्हटल्यावर काही जणांच्या चेहऱ्यावर हसू आणि रेक्टर सरांच्या कपाळावर आठी येणार, हे ठरलेलंच. म्हणून आधीच खुलासा करून टाकतो. हा लेख सॉसच्या बाटलीवर आहे. तीच ती, मेसच्या टेबलावर उभी असलेली, एके काळी लाल असलेली, अंगाने चिकट, तोंडाला काळपट खपली धरलेली. दाबली की आधी 'फुस्स', मग पाणी, मग काहीच नाही आणि शेवटी सगळं एकदम शर्टावर!

तुम्ही म्हणाल, विषय संपले का राव? प्लेसमेंट आहे, सबमिशन आहे, केटी आहे. त्यात सॉसच्या बाटलीचं काय घेऊन बसलात? पण जरा विचार करा. मेसमधलं ताट आपण एकटे वापरतो आणि ते रोज घासलं जातं. पाण्याचा ग्लास विसळला जातो. टेबलावरची ही बाटली मात्र एका जेवणात पन्नास-साठ हातांतून फिरते आणि ती शेवटची कधी धुतली हे कोणालाच सांगता येत नाही. मेसवाले काका म्हणतात, "संपली की भरतो." कमिटीचे मेंबर म्हणतात, "ते काकांचं काम." भांडी घासणाऱ्या मावशी म्हणतात, "माझ्याकडं येतच नाही ती." जी वस्तू सगळ्यांची, ती कोणाचीच नाही!

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सॉस साठवणं आणि सॉस वाढणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकच बाटली दोन्ही करायला गेली की दोन्ही बिघडतात. टेबलावरची बाटली निवडताना पहिला प्रश्न 'केवढ्याला?' हा नको, 'आतून धुता येते का?' हा हवा. आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमध्ये तरी हा निर्णय विचार करून झाला पाहिजे. कारण यात जे काही शास्त्र आहे ते सगळं आपल्याला शिकवलेलं आहे. फक्त परीक्षा संपली की आपण ते तिथेच सोडून येतो!

सध्या काय चालतं?

आपल्याकडच्या मेस, कँटीन आणि गेटबाहेरच्या सँडविचच्या गाड्या फिरून बघा. चार प्रकार दिसतील. पहिला, पाण्याची रिकामी बाटली आणि झाकणाला तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक. जुगाड म्हणून दहापैकी दहा! दुसरा, कंपनीच्या सॉसची संपलेली बाटली, जिच्यात कॅनमधला दुसराच सॉस पुन्हा पुन्हा भरला जातो. तिसरा, प्लॅस्टिकच्या दुकानात मिळणारी लाल, पिवळी, हिरवी, निमुळत्या तोंडाची दाबायची बाटली. चौथा, पाकिटं. दाताने फाडायची, अर्धं ताटात आणि अर्धं बोटावर.

पाण्याच्या बाटलीचा दोष 'विष' वगैरे नाही, उगाच घाबरवायचं कारण नाही. दोष साधे आहेत. तोंड अरुंद, त्यामुळे आत ब्रश जात नाही. कडक गरम पाणी ओतलं की ती आकसते, वाकडी होते. पेट नावाचं हे प्लॅस्टिक साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणजे ज्या गरम पाण्याने चिकटपणा आणि जंतू जायचे, तेच तिला चालत नाही. शिवाय एकदा दाबली की तिला पोचा पडतो आणि ती पुन्हा फुगत नाही. कंपनीच्या रिकाम्या बाटलीचंही तेच. एकदा भरायची, संपवायची आणि टाकायची, या हिशेबाने ती बनवलेली असते. तिला वर्षभर राबवणं म्हणजे एका रात्रीसाठी आणलेल्या जर्नलमध्ये सगळ्या बॅचने सबमिशन करण्यासारखं आहे!

थोडा इतिहास

ही बाटली आजच्या रूपात यायला शंभर-सव्वाशे वर्षं लागली. हाइन्झ कंपनीने केचप बाजारात आणलं १८७६ साली. बाटली काचेची आणि मान अरुंद. कारण असं, की सॉस हवेला लागला की वरचा थर काळा पडतो. तोंड जितकं लहान, तितका हवेचा स्पर्श कमी. साठवणीच्या दृष्टीने उत्तम! पण बाहेर काढताना बाटलीच्या बुडावर थापा मारायच्या. आधी येत नाही आणि मग आला की थांबत नाही. म्हणजे साठवणीसाठी जे चांगलं, तेच वाढण्यासाठी वाईट. हा झगडा तेव्हापासूनचा आहे.

१९८३ साली हाइन्झने दाबायची प्लॅस्टिकची बाटली आणली. ती साध्या एका प्लॅस्टिकची नव्हती. ऑक्सिजन आत येऊ नये म्हणून तिच्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर होते. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मिडलंड गावी पॉल ब्राउन नावाच्या गृहस्थाने, ज्याचं छोटंसं मोल्डिंगचं दुकान होतं, एक झडप तयार केली. सिलिकोनची, मध्ये चिरा असलेली. दाबलं की उघडते, सोडलं की आपोआप मिटते. साल १९९१. त्याआधी कर्ज काढून शंभराहून जास्त नमुने फसले होते. ही झडप आधी शांपूच्या बाटलीत गेली, लहान मुलांच्या न सांडणाऱ्या कपात गेली आणि २००२ साली केचपची डोक्यावर उभी राहणारी बाटली आली ती हिच्याच जोरावर. १९९५ साली ब्राउनने आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. फायनल इयरचं प्रोजेक्ट तिसऱ्या प्रयत्नात चाललं नाही म्हणून विकत आणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

भोक केवढं?

आता आपल्या विषयाकडे. सॉस हा पाण्यासारखा वाहत नाही हे फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये येतं. न्यूटनचा नियम न पाळणारा हा द्रव आहे. ठरावीक ताणाच्या खाली तो जागचा हलत नाही आणि हलायला लागला की जितका जोर लावाल तितका पातळ होत जातो. म्हणून थापा मारताना आधी काहीच नाही आणि मग पूर. दाबायच्या बाटलीत आपण हा ताण हाताने देतो, हवा तेवढा. म्हणून ती काचेपेक्षा सोयीची.

पण भोक? पाण्यासारख्या द्रवासाठी प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, हे हेगन-पॉइजीचं सूत्र आपण व्हायवात घडाघडा म्हणून दाखवतो. भोक २ मिलीमीटरचं ३ केलं तर तेवढ्याच दाबाला प्रवाह साधारण ५ पट. सॉसला पॉवर लॉ लावला आणि त्याचा घातांक ०.३ धरला (केचपसाठी हा अंदाज ठीक आहे), तर त्रिज्येचा घात चाराऐवजी जवळजवळ ६.३ होतो. म्हणजे तेच २ चं ३ केल्यावर प्रवाह सुमारे १३ पट! आता कळलं ना, काकांनी "येत नाही" म्हणून नोझलचं टोक सुरीने जरासं कापलं, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ताटात तळं का होतं? आणि महिन्याचा सॉस पंधरा दिवसांत का संपतो? हिशेब सगळ्यांना येतो, पण सुरी हातात घेताना कोणी करत नाही.

शर्टावर उडण्याचंही शास्त्र आहे. २०२२ साली ऑक्सफर्डच्या कॅलम कटल आणि ख्रिस मॅकमिन या दोघांनी याच प्रश्नावर काम केलं. बाटली संपत आली की आत सॉस कमी आणि हवा जास्त. हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी साठते आणि वाटेतला सॉस कमी होत गेला की अडवणारं काही उरत नाही. मग ती एकदम सुटते. त्यांनी सांगितलेला उपाय अगदी साधा आहे. हळू दाबा आणि तोंड मोठं ठेवा. म्हणजे पुन्हा तोच पेच. मोठ्या भोकाने पूर, लहान भोकाने पिचकारी. यातून वाट काढायची तर बाटलीच लहान ठेवायची आणि तळाला जाईपर्यंत न थांबता बदलायची.

सॉस तसं तोंड

एकच बाटली सगळ्याला चालत नाही, हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बार्बेक्यूवाल्यांकडून शिकावं. तिथे दर दोनशे मैलांवर सॉस बदलतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात सॉस म्हणजे व्हिनेगर आणि मिरचीचं पाणीच, अगदी पातळ. कॅन्सस सिटीचा टोमॅटो आणि मोलॅसिसचा, म्हणजे काकवीच्या जातीचा, दाट आणि गोड. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा. आणि उत्तर अलाबामात, डिकेटर गावच्या बिग बॉब गिब्सनमुळे प्रसिद्ध झालेला, चक्क मेयोनीजचा पांढरा. पातळ व्हिनेगर सॉसला बारीक भोकाची, शिंपडायची बाटली लागते. तो रुंद तोंडाच्या बाटलीत भरला तर ताटाचं सूप होईल. दाट गोड सॉसला रुंद तोंड लागतं. बारीक नोझलमध्ये साखर वाळते आणि बूच बसल्यासारखं होतं. कांदा-लसणाचे तुकडे असतील तर विचारूच नका. आणि पांढऱ्या सॉसला बाटली कुठलीही चालेल, पण थंडावा पाहिजेच.

हाच तक्ता आपल्या मेसला लावून बघा. टोमॅटो सॉस दाट पण गुळगुळीत, त्याला ३ मिलीमीटरचं भोक पुरतं. सोया सॉस आणि मिरचीचं व्हिनेगर पातळ, त्यांना दाबायची बाटली नकोच, झाकणाला बारीक छिद्र असलेली शिंपडायची बाटली हवी. शेजवानमध्ये मिरचीच्या बिया आणि लसूण, तो नोझलमध्ये अडकणारच, त्याला वाटी-चमचाच बरा. चिंच-गुळाची चटणी दोरे आणि चोथा गाळून घेतली तरच बाटलीत जाते. हिरव्या चटणीत कोथिंबिरीच्या काड्या राहिल्या की नोझल तुंबतं. मग कोणीतरी टाचणी घालतं, कोणीतरी तोंडाने फुंकतं... पुढचं लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

प्लॅस्टिक कुठलं?

बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बरेच जण हा आकडा म्हणजे 'फूड ग्रेड'चं प्रमाणपत्र समजतात. तसं नाही! तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. त्याच ४ नंबरची बादली असते आणि त्याच ४ नंबरची खताची पिशवीही असू शकते. खाण्यासाठी चालतं की नाही, हे त्यात घातलेला रंग आणि इतर द्रव्यं कुठली, माल नवा की वितळवून पुन्हा केलेला, यावर ठरतं. आपल्याकडे त्यासाठी मानकं आहेत. पॉलिथिनला आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनला आयएस १०९१०, पेटला आयएस १२२५२. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांमध्येही ही मानकं दिलेली आहेत. विकत घेताना ग्लास आणि काट्याचं चिन्ह बघा आणि दुकानदाराला मानकाचा नंबर विचारा. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

दाबायच्या बाटलीला एलडीपीई का वापरतात? कारण ते मऊ आहे आणि दाबून सोडलं की मूळ आकाराला येतं. एचडीपीई जास्त कडक, त्यामुळे हात दुखतो. पॉलिप्रॉपिलीन उष्णतेला सगळ्यांत चिवट, पण बाटली पातळ असेल तरच नीट दाबली जाते. एलडीपीईची अडचण अशी, की त्यातून ऑक्सिजन बऱ्यापैकी आत शिरतो. म्हणूनच तर १९८३ च्या त्या बाटलीला थर द्यावे लागले. त्यामुळे टेबलावरच्या साध्या बाटलीत सॉस आठवडेच्या आठवडे ठेवला की तो तपकिरी पडणार, वास बदलणार. म्हणजे बाटली वाईट असं नाही. ती वाढण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही, एवढंच.

आणि रंग? लाल बाटली दिसायला छान, पण आतलं काही दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे. अंग पारदर्शक हवं, झाकण वाटल्यास रंगीत ठेवा. आत लाल डाग राहिला तर घाबरू नका. टोमॅटोचा रंग, लायकोपीन, प्लॅस्टिकमध्ये मुरतो. हळदीचा पिवळा डाग बसतो तसाच. तो घाण नव्हे. पण बोट लावून चिकट लागलं तर ती घाणच.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरात छापावी अशी संपादकांना विनंती. केमिस्ट्रीच्या लॅबमधली वॉश बॉटल हीसुद्धा बहुतेक वेळा एलडीपीईचीच असते, दिसायला आणि दाबायला तशीच. "धुतली की झालं" म्हणून ती कोणीही मेसमध्ये किंवा रूमवर मॅगीसाठी आणू नये. प्लॅस्टिकमध्ये टोमॅटोचा रंग मुरतो, तसा सॉल्व्हंटही मुरतो. रंग डोळ्याला दिसतो, सॉल्व्हंट दिसत नाही.

खरा धोका : वरून भरणे

आता मूळ मुद्दा. टोमॅटो सॉस सहसा लवकर खराब होत नाही. त्यात व्हिनेगर, साखर, मीठ असतं आणि त्याचा पीएच साधारण ४ च्या आसपास असतो. ४.६ च्या खाली बॉट्युलिझमसारखा भयंकर आजार देणारे जंतू वाढू शकत नाहीत. म्हणूनच "सॉसला काही होत नाही" असं सगळे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण बुरशी आणि यीस्ट आंबट-गोडाला भीत नाहीत. आणि काही जण करतात तसं सॉस पुरवायला त्यात पाणी घातलं, की आम्ल, साखर, मीठ सगळंच पातळ होतं. मग ते संरक्षणही पातळ झालं!

त्यात भर म्हणजे वरून भरणे. बाटलीत चार बोटं सॉस उरलेला आहे, त्यावर नवा ओतला. उद्या पुन्हा तसंच. म्हणजे तळाचा सॉस कधी संपतच नाही. सोमवारचा सॉस शनिवारीही आहे, पुढच्या महिन्यातही आहे. विरजणाला आपण हेच करतो, थोडं जुनं ठेवून नवं लावतो. फरक एवढाच की विरजणात आपल्याला जंतू हवे असतात!

शिवाय ही बाटली श्वास घेते. दाबल्यावर सॉस बाहेर, सोडल्यावर हवा आत. नोझलचं टोक जर कटलेटला टेकलेलं असेल, तर हवेबरोबर कटलेटचा चुरा, तेल आणि ताटातली कढीसुद्धा आत जाते. म्हणून 'टोक ताटाला लावू नका' हा नुसता शिष्टाचार नाही. टोक लावणारा माणूस आपलं उष्टं पुढच्या पन्नास जणांना वाढत असतो.

सॉसचं एक वेळ निभावून जाईल. हिरव्या चटणीचं आणि मेयोनीजचं निभावत नाही. कोथिंबीर-पुदिना-खोबऱ्याच्या चटणीत लिंबू जेमतेम, पाणी भरपूर. ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा आणि आपल्या मेसचं तापमान उन्हाळ्यात नेमकं त्याच्या मधोमध! अशी चटणी सॉसच्या बाटलीत भरून दुपारपासून रात्रीपर्यंत टेबलावर उभी ठेवणं म्हणजे अख्ख्या होस्टेलला रांगेत उभं करण्याची तयारी. कुठली रांग ते सांगायला नको. आणि ती रांग लागली की परीक्षा पुढे ढकलली जात नाही, हे सीनिअर्सना विचारा.

"पण..." म्हणणाऱ्यांना

पहिला आक्षेप : मग पाकिटंच ठेवा ना! बंद, स्वच्छ, मोजून. दिसायला बरोबर आहे. पण हिशेब करा. होस्टेलमध्ये दोनशे मुलं धरा आणि कटलेटच्या दिवशी प्रत्येकी दोन पाकिटं. एका नाश्त्याला चारशे पाकिटं. आठवड्यातून दोनदा म्हटलं तर महिन्याला तीन हजारांच्या वर. आणि ही पाकिटं वेगवेगळ्या थरांची असतात, ते थर सुटे करणं अवघड, म्हणून भंगारवालासुद्धा ती घेत नाही. शेवटी जातात मेसच्या मागच्या नाल्यात. बाहेर पार्सल द्यायला पाकीट ठीक, टेबलावर नको.

दुसरा आक्षेप : घरी वाटी-चमचाच असतो, आईने कधी सॉसची बाटली दाबली? हा आक्षेप मला मनापासून पटतो, पण अर्धाच. घरी माणसं पाच. मेसमध्ये उघड्या वाटीवर माश्या, चमचा सांबाराच्या भांड्यातून सॉसमध्ये आणि सॉसमधून पुन्हा सांबारात. मात्र शेजवान, सुकी चटणी, लोणचं यांना झाकणाची वाटी आणि तिचा स्वतःचा चमचा हेच उत्तम. जे नोझलमधून नीट येत नाही ते जबरदस्तीने बाटलीत कोंबू नये.

तिसरा आक्षेप : एमआयटीवाल्यांनी न चिकटणारी बाटली काढली आहे, ती आणा! बरोबर, २०१२ साली लिक्विग्लाइडचा व्हिडिओ गाजला होता. आतल्या पृष्ठभागावर निसरडा थर, सॉस सरकन बाहेर. त्यामागचे प्राध्यापक कृपा वाराणसी हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी, याचा आपल्याला अभिमान असावाच. पण आपला प्रश्न सॉस बाटलीला चिकटण्याचा नाही. बाटली न धुण्याचा आहे. त्याला एमआयटी लागत नाही, ब्रश लागतो.

चौथा आक्षेप सगळ्यांत खरा आहे : धुणार कोण? रुंद तोंडाच्या वीस बाटल्या, त्यांची झाकणं, नोझल... मावशींच्या अंगावर आणखी एक काम टाकून आपण 'स्वच्छता मोहीम' साजरी करणार असू, तर हा लेख फाडून टाका. बाटली निवडताना धुणाऱ्या माणसाचा हात आधी डोळ्यांसमोर आणला पाहिजे. पन्नास मिलीमीटरच्या वर तोंड असेल तर ब्रश सहज जातो, भरताना फनेल लागत नाही, सांडलवंड होत नाही. अरुंद तोंडाची बाटली दुकानात थोडी स्वस्त मिळाली तरी फरकाची किंमत रोज मावशींचा वेळ भरतो. कमिटीच्या वहीत हा खर्च कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून तो नाही असं आपण धरून चालतो.

तर मग करायचं काय?

मेस कमिटीपुढे ठेवायच्या सूचना मी खाली देतो आहे. अवघड एकही नाही.

१) सॉसचा मोठा कॅन किंवा पाऊच उघडल्यावर उरलेला सॉस झाकणाच्या स्वच्छ डब्यात, फ्रिजमध्ये. पत्र्याच्या उघड्या कॅनमध्ये ठेवायचा नाही. टेबलावरची बाटली हे कोठार नाही.

२) टेबलासाठी ३५० मिलीलीटरच्या आसपासची, पारदर्शक, रुंद तोंडाची, मऊ बाटली. लीटरची नको. ती दाबताना दोन हात लागतात आणि संपायला चार दिवस.

३) बाटल्यांचे दोन संच. एक वापरात, एक धुऊन उलटा वाळत घातलेला. ओल्या बाटलीत सॉस भरायचा नाही.

४) वरून भरणे बंद. संपत आली की ती बाजूला, धुतलेली पुढे. उरलेला चमचाभर सॉस वाया गेला तर जाऊ द्या.

५) बाटलीवर चिकटपट्टी आणि त्यावर भरल्याची तारीख, मार्करने. डेटशीटवर तारीख न टाकणाऱ्यांनाही हे जमेल.

६) धुताना झाकण आणि नोझल वेगळं काढायचं. साबण, ब्रश आणि हाताला सोसेल इतपत गरम पाणी. एलडीपीईला उकळतं पाणी नको.

७) हिरवी चटणी आणि मेयोनीज जेवणापुरतंच, लहान प्रमाणात बाहेर. पंगत संपली की उरलेलं टाकायचं, परत फ्रिजमध्ये नाही.

८) नोझल कापायचं असेल तर थोडं थोडं, प्रत्येक वेळी दाबून बघत. सहावा घात लक्षात ठेवून!

९) आपल्यासाठी : टोक ताटाला टेकवायचं नाही, चाटायचं तर मुळीच नाही, झाकण लावून ठेवायचं. आणि बाटली रूमवर न्यायची नाही. दर महिन्याला ज्या बाटल्या 'हरवतात', त्या कुठल्या विंगमध्ये सापडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि धुण्याच्या प्रश्नावर माझी सूचना अशी. रोज रात्री एका विंगमधल्या दोघांनी पाळीपाळीने वीस बाटल्या मोकळ्या करून, विसळून, मावशींच्या हाती द्यायच्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. तेवढ्याच वेळात आपण मेसच्या जेवणाला नावं ठेवून होतो.

आपण चार वर्षं इथे डिझाइन शिकतो. डिझाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टर्बाइन येतं, पूल येतो, चिप येते. पण वापरणारा कोण, धुणारा कोण, बिघडलं तर भोगणार कोण, हे तीन प्रश्न पुलाला विचारायचे तसेच बाटलीलाही विचारायचे असतात. बाटलीला विचारण्यात कमीपणा वाटणारा माणूस पुलाला तरी विचारेल, याची मला खात्री वाटत नाही.

मेस कमिटीची पुढची मीटिंग होईल तेव्हा पनीर वाढवा, फीस्ट वाढवा या मागण्या होतीलच, जरूर व्हाव्यात. त्यांच्या खाली एक ओळ आणखी लिहा : रुंद तोंडाच्या बाटल्या, दोन संच, आणि ब्रश दोन. खर्चाचा आकडा सगळ्यांत लहान असेल. मंजूर व्हायला हरकत नसावी.